राहुल भेके : आठ जर्सी, एक बचावपटू

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात १७ मार्च २०१९ च्या रात्री इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रंगला होता. बेंगळुरू एफसी आणि एफसी गोवा यांच्यातील झुंज निर्धारित नव्वद मिनिटांत गोलशून्य राहिली. अतिरिक्त वेळेचा पूर्वार्ध संपता संपता गोव्याच्या अहमद जहूहला लाल कार्ड मिळाले, तरीही कोंडी फुटेना. सामना पेनल्टी शूटआऊटकडे झुकला असताना ११७ व्या मिनिटाला दिमास डेलगाडोने कॉर्नर घेतला. चेंडूवर झेपावला तो कोणी आघाडीपटू नव्हता, तर मुंबईतच जन्मलेला एक बचावपटू होता. त्याच्या हेडरने चेंडू खांबाला लागून जाळ्यात गेला आणि बेंगळुरूने १-० असे विजेतेपद पटकावले.

त्या खेळाडूचे नाव राहुल शंकर भेके. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता. भारताच्या वरिष्ठ संघाकडून तो तोपर्यंत एकही सामना खेळलेला नव्हता. त्याआधी त्याने पाच संघांच्या जर्सी अंगावर चढवल्या आणि उतरवल्या होत्या. त्यांपैकी काही संघ त्या रात्री अस्तित्वातही नव्हते.

फुटबॉलच्या जगात अशा खेळाडूंची संख्या मोठी असते. युरोपात एखादा युक्रेनियन किंवा सर्बियन बचावपटू दहा-बारा वर्षांत चार-पाच देशांतील क्लबांकडून खेळतो. त्याचे भित्तिचित्र कोणी लावत नाही, पण प्रत्येक प्रशिक्षकाला तो हवा असतो. भारतात सीमा ओलांडण्याची सोय फारशी नाही. येथील व्यावसायिक खेळाडूची भटकंती देशातल्या देशात होते आणि बरेचदा ती त्याच्या इच्छेपेक्षा संघांच्या आयुर्मर्यादेवर ठरते. भेकेची कारकीर्द त्याचे बोलके उदाहरण आहे.

मुंबईचे मैदान आणि संघांची पडझड

भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. या शहराला फुटबॉलची परंपरा जुनी आहे. रोव्हर्स कप ही देशातील जुन्या स्पर्धांपैकी एक स्पर्धा १८९१ मध्ये येथेच सुरू झाली. कूपरेजचे मैदान तर अनेक पिढ्यांचे श्रद्धास्थान. मात्र मुंबईत फुटबॉल टिकून राहिला तो प्रामुख्याने कंपन्यांच्या आणि सरकारी आस्थापनांच्या आधारावर. एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्र युनायटेड अशा संघांत खेळणे म्हणजे मैदानाबरोबरच कधी नोकरीची, तर कधी निश्चित वेतनाची हमी. मध्यमवर्गीय घरातील आई-वडील मुलाला फुटबॉल खेळू देत, त्यामागे ही हमी होती.

भेके या व्यवस्थेच्या अखेरच्या पर्वात व्यावसायिक झाला. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. एअर इंडिया आणि मुंबई एफसी या शहरातील दोन संघांतून भेकेने आय-लीगचा अनुभव घेतला. त्यांपैकी एअर इंडियाला २०१३ मध्ये क्लब परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. मुंबई एफसीची स्थापना २००७ ची. खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली मर्यादित साधनांवर हा संघ वर्षानुवर्षे तग धरून राहिला. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात घरचे सामने खेळण्यासाठी त्याला पुण्याच्या बालेवाडीला जावे लागे. २०१६-१७ च्या हंगामात तो खालच्या श्रेणीत घसरला आणि पाठोपाठ बंद झाला.

अशा संघात बचावपटूला जे शिक्षण मिळते, ते मोठ्या संघात मिळत नाही. बलाढ्य संघाचा बचावपटू सामन्यातील बराच वेळ चेंडू आपल्या पायाशी ठेवून खेळतो. छोट्या संघाचा बचावपटू मात्र बहुतेक वेळ चेंडूविना असतो. प्रतिस्पर्ध्याचा आघाडीपटू कोठे धावणार याचा अंदाज बांधणे, बचावाची रेषा एकाच वेळी पुढे-मागे सरकवणे, उंच चेंडूसाठी हवेत झुंजणे आणि नव्वदाव्या मिनिटालाही जागा न सोडणे हे त्याचे रोजचे काम. भेकेच्या खेळातील हवाई चेंडूंवरील हुकूमत आणि दोन जागांवर खेळण्याची तयारी याच मुशीत घडली. तो उजव्या बगलेवरचा बचावपटू म्हणूनही खेळतो आणि मध्य बचावपटू म्हणूनही. त्यातच त्याला लांब पल्ल्याच्या थ्रो-इनची देणगी आहे. मैदानाच्या कडेवरून हातांनी फेकलेला त्याचा चेंडू थेट गोलक्षेत्रात येऊन पडतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला साध्या थ्रो-इनलाही कॉर्नर समजूनच उभे राहावे लागते.

वर्षाला दोन जर्सी

२०१४ मध्ये भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला. मुंबईच्या खेळाडूसाठी हा बदल लहान नव्हता. मोजक्या प्रेक्षकांपुढे खेळणारा खेळाडू अचानक अशा क्लबात आला, जेथे सरावालाही गर्दी जमते आणि एका चुकीची चर्चा आठवडाभर चालते. ईस्ट बंगालने २०१० ते २०१७ अशी सलग आठ वर्षे कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. त्यातील काही वर्षे भेके या संघात होता.

त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्या तीन हंगामांत ही स्पर्धा वर्षाअखेरीस दोन-अडीच महिन्यांत उरकली जाई आणि त्यानंतर आय-लीग खेळवली जाई. त्यामुळे भारतीय खेळाडूंसाठी एक विलक्षण व्यवस्था निर्माण झाली. आय-लीगमधील क्लबाशी करार असलेला खेळाडू काही आठवड्यांसाठी सुपर लीगमधील संघाकडे लोनवर जाई आणि स्पर्धा संपताच मूळ क्लबात परते. एका वर्षात दोन शहरे, दोन प्रशिक्षक आणि खेळाच्या दोन पद्धती.

भेके २०१५ मध्ये अशा प्रकारे केरळ ब्लास्टर्सकडून खेळला. कोचीच्या भरगच्च स्टेडियममध्ये खेळण्याचा अनुभव मिळाला, पण केरळचा संघ त्या हंगामात गुणतक्त्यात तळाला राहिला. २०१६ मध्ये तो एफसी पुणे सिटीकडून उतरला. त्या संघालाही उपांत्य फेरी गाठता आली नाही. पुढे २०१९ मध्ये पुणे सिटी हा संघही बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली.

या व्यवस्थेत सर्वाधिक झळ बचावपटूंना बसते. आघाडीपटू एका क्षणाच्या चमकेवर नव्या संघात स्थान मिळवू शकतो. बचाव ही मात्र चौघांची किंवा पाच जणांची सामुदायिक कला आहे. ऑफसाइडचा सापळा रचताना एक जण अर्ध्या पावलाने मागे राहिला, तरी सापळा फसतो. शेजारचा बचावपटू कोणत्या पायाने खेळतो, गोलरक्षक केव्हा पुढे येतो, कोण किती ओरडून सांगतो, हे सारे सवयीने कळते. आणि सवय लागण्याच्या आत हंगाम संपलेला असे. याच काळात भेकेने स्वतःला कोणत्याही रचनेत बसवून घेण्याची सवय लावून घेतली. पुढील यशाचा पाया तोच ठरला.

बेंगळुरूतील स्थैर्य

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला आणि कारकिर्दीत प्रथमच त्याला एका ठिकाणी चार हंगाम मिळाले. २०१७-१८ मध्ये बेंगळुरूने साखळीत अव्वल स्थान मिळवले. मात्र १७ मार्च २०१८ रोजी घरच्या मैदानावरील अंतिम सामन्यात चेन्नईयिनने त्यांना ३-२ असे पराभूत केले. महिनाभरातच, २० एप्रिलला, भुवनेश्वर येथे सुपर कपच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूची गाठ भेकेच्या जुन्या क्लबाशी, ईस्ट बंगालशी पडली. ईस्ट बंगालने आघाडी घेतली. ३९ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला तो भेकेने. त्यानंतर सुनील छेत्रीचे दोन आणि मिकूचा एक गोल यांच्या बळावर बेंगळुरूने ४-१ अशी बाजी मारली.

चेन्नईयिनविरुद्धच्या पराभवाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी अंधेरीतील तो गोल झाला. साखळीत अव्वल राहून अंतिम सामनाही जिंकणारा बेंगळुरू हा सुपर लीगमधील पहिलाच संघ ठरला. प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात यांच्या संघात नावाजलेले परदेशी खेळाडू होते, छेत्री होता. पण निर्णायक क्षणी उजव्या बगलेवरचा बचावपटू कामी आला.

यानंतर राष्ट्रीय संघाचे दार उघडायला वेळ लागला नाही. ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत क्युरासाओविरुद्ध भेकेने भारताकडून पदार्पण केले. प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांचाही तो पहिलाच सामना होता. भारत तो १-३ असा हरला. तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला भारताने विश्वचषक पात्रता सामन्यात गोलशून्य बरोबरीत रोखले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूपुढील बचावफळीत संदेश झिंगन, आदिल खान, गोव्याचा मंदार राव देसाई आणि भेके होते. भारतीय बचावाच्या अलीकडच्या इतिहासात तो सामना मैलाचा दगड मानला जातो.

सतराव्या मिनिटाचे लाल कार्ड

बचावपटूच्या नोंदवहीत जमेची बाजू नेहमीच पुसट असते आणि खर्चाची बाजू ठळक. अडवलेले पन्नास हल्ले धावफलकावर दिसत नाहीत. चुकलेला एक दिसतो. भेकेला याचा सर्वांत कटू अनुभव त्याच कतारविरुद्ध, त्याच दोहात आला.

३ जून २०२१ रोजीच्या परतीच्या सामन्यात त्याला सुरुवातीलाच एक पिवळे कार्ड मिळाले. सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागल्याने पंचांनी दुसरे पिवळे कार्ड दाखवले. नियमानुसार दोन पिवळी म्हणजे एक लाल. सत्तराहून अधिक मिनिटे भारताला दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले. ३३ व्या मिनिटाला कतारने गोल केला. पुढील हल्ले गुरप्रीतने थोपवले आणि पराभव ०-१ एवढ्यावर निभावला. बांगलादेशवर २-० असा विजय आणि अफगाणिस्तानशी १-१ अशी बरोबरी यांमुळे भारताने गटात तिसरे स्थान राखले व आशियाई चषक पात्रतेच्या पुढील फेरीत प्रवेश केला. संघाचे फारसे नुकसान झाले नाही. पण तिशी ओलांडलेल्या बचावपटूच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीवर त्या सतरा मिनिटांनी प्रश्नचिन्ह लावले.

त्याच वर्षी भेके बेंगळुरू सोडून मुंबई सिटी एफसीत आला. ज्या अंधेरीत त्याने विजयी गोल केला होता, ते आता त्याचे घरचे मैदान झाले. मुंबई सिटीकडून तो एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत खेळला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध मुंबई प्रथम पिछाडीवर पडली. ७० व्या मिनिटाला दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५ व्या मिनिटाला भेकेने हेडरवर विजयी गोल केला. या स्पर्धेत भारतीय क्लबाने जिंकलेला हा पहिलाच सामना होता. लाल कार्डाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

पुढील दोन हंगाम मुंबई सिटीच्या वैभवाचे होते. २०२२-२३ मध्ये संघाने ४६ गुणांसह लीग शील्ड जिंकली. २०२३-२४ मध्ये भेकेकडे कर्णधारपद आले. चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाच्या अल हिलालसारख्या धनाढ्य क्लबांपुढे मुंबईचा निभाव लागला नाही आणि गटातील सहाही सामने हरावे लागले. मात्र ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, प्रतिस्पर्ध्याच्या प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात, मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबई सिटीने सुपर लीगचा चषक उंचावला. ज्या शहराचे संघ एकामागून एक बंद पडताना त्याने पाहिले होते, त्याच शहराच्या संघाचा तो विजेता कर्णधार झाला.

चौतिशीच्या उंबरठ्यावर पहिला गोल

राष्ट्रीय संघातही त्याचे पुनरागमन झाले. २०२३ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात झिंगनच्या साथीने मध्यभागी बचावाची जबाबदारी त्याच्यावर आली. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिन्ही सामन्यांत भारताला हार पत्करावी लागली. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीने निवृत्तीचा म्हणून खेळलेल्या गोलशून्य बरोबरीच्या सामन्यातही तो मैदानात होता.

भारताकडून पहिला गोल करण्यासाठी मात्र त्याला १८ नोव्हेंबर २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध भारत पिछाडीवर असताना ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर भेकेने हेडर मारला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. चौतिसावा वाढदिवस अवघ्या अठरा दिवसांवर होता. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारताचा पहिला गोलही त्यानेच केला. ३-० असा हा विजय नोव्हेंबर २०२३ नंतरचा भारताचा पहिलाच विजय होता.

क्लब स्तरावर तो २०२४ मध्ये पुन्हा बेंगळुरूकडे परतला. १२ एप्रिल २०२५ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला मोहन बागानकडून अतिरिक्त वेळेत १-२ अशी हार पत्करावी लागली. त्यानंतरचे संकट मैदानाबाहेरचे होते. महासंघ आणि स्पर्धेचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार असल्याने जुलैमध्ये सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित करण्यात आला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. एअर इंडिया आणि मुंबई एफसीच्या दिवसांची आठवण करून देणारीच ही अनिश्चितता. फक्त या वेळी ती एका संघावर नव्हे, तर साऱ्या लीगवर आली होती.

त्याच महिन्याअखेर भेके मध्य आशियातील काफा नेशन्स कप स्पर्धेसाठी भारतीय संघात होता. प्रशिक्षक होते खालिद जमील, मुंबई एफसीला वर्षानुवर्षे सांभाळणारे. ८ सप्टेंबर २०२५ रोजी तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानविरुद्धचा सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये भारताने ३-२ अशी सरशी साधली. भारताच्या तीन यशस्वी पेनल्टींपैकी एक भेकेची होती. पुढे जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी सुपर लीग १४ फेब्रुवारीपासून खेळवण्यात येणार असल्याची घोषणा केली.

विरार लोकलमधल्या किटबॅगा

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटरचे. वसई-विरार पट्ट्यातील फुटबॉलवेड्या मुलांना चांगल्या स्पर्धेसाठी अंधेरी किंवा कूपरेज गाठायचे, तर याच लोकलचा आधार असतो. त्यांच्या पालकांचा प्रश्न सरळ असतो : या खेळात पोट भरेल का? क्रिकेटच्या तुलनेत या प्रश्नाचे उत्तर देणे फुटबॉलमध्ये नेहमीच अवघड गेले आहे.

भेकेची कारकीर्द या प्रश्नाला सोपे उत्तर देत नाही, पण खरे उत्तर देते. नोकरीची हमी देणारे जुने संघ गेले. नव्या लीगने उत्पन्न आणि प्रसिद्धी आणली, पण तिचाही भरवसा नाही, हे २०२५ ने दाखवून दिले. संघ बदलत राहतात, मालक बदलतात, शहर बदलते. खेळाडूच्या हाती उरते ते त्याचे कौशल्य : एकाहून अधिक जागी खेळण्याची क्षमता, शरीराची निगा, चुकीनंतर पुन्हा उभे राहण्याची चिकाटी आणि वाट पाहण्याची तयारी. देशासाठीचा पहिला सामना अठ्ठाविसाव्या वर्षी आणि पहिला गोल चौतिशीच्या उंबरठ्यावर, हे वेळापत्रक कोणत्याही अकादमीच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. या खेळात उतरू पाहणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी मात्र ते जरूर लक्षात ठेवावे.

कारकीर्द एका दृष्टिक्षेपात

जन्म : ६ डिसेंबर १९९०, मुंबई
स्थान : बचावपटू (उजवी बगल व मध्य)
क्लब : एअर इंडिया, मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स (२०१५), एफसी पुणे सिटी (२०१६), बेंगळुरू एफसी (२०१७ ते २०२१), मुंबई सिटी एफसी (२०२१ ते २०२४), बेंगळुरू एफसी (२०२४ पासून)
भारताकडून पदार्पण : ५ जून २०१९, क्युरासाओविरुद्ध
भारताकडून पहिला गोल : १८ नोव्हेंबर २०२४, मलेशियाविरुद्ध
प्रमुख विजेतेपदे : सुपर कप २०१८, इंडियन सुपर लीग २०१८-१९ व २०२३-२४, लीग शील्ड २०२२-२३, सॅफ स्पर्धा २०२३